नंबर दोन नक्की कोण? गाड्यांच्या बाजारावर वाचकांचे प्रश्न

मंडळी, दसरा-दिवाळी झाली, निम्म्या महाराष्ट्राने गाड्या काढल्या आणि उरलेल्या निम्म्याने आम्हाला मेल टाकले असं वाटतंय. यावेळी "कुठली गाडी घेऊ" पेक्षा "कुठली कंपनी पुढे चाललीय" असेच प्रश्न जास्त आले, मग म्हटलं यावेळी सगळं सदर त्यावरच करू. प्रश्न थोडे छाटलेत, नावं घातलेली नाहीत, फक्त गावं ठेवलीत.

प्रश्न (नाशिक): दर महिन्याच्या १ तारखेला आमच्या फॅमिली ग्रुपवर भांडण ठरलेलं. भाऊ महिंद्रावाला, मेव्हणा टाटावाला आणि शेजारच्या काकांकडे ह्युंदाई. तिघंही म्हणतात मारुतीनंतर आमचीच कंपनी नंबर दोन, आणि तिघंही आकड्यांचे स्क्रीनशॉट टाकतात. एका वेळी तिघं बरोबर कसे असतील?

उत्तर: असू शकतात की, आणि तुमच्याकडे तसंच झालंय. काकांनी बहुतेक २०२४-२५ चं पूर्ण आर्थिक वर्ष दाखवलं असणार. त्या वर्षात देशात ४३ लाखांच्या आसपास गाड्या गेल्या, त्यात मारुती १७.६ लाख, ह्युंदाई ५.९९ लाख, टाटा ५.५४ लाख आणि महिंद्रा ५.५१ लाख. म्हणजे दोन नंबर ह्युंदाई, काका खूश. मेव्हण्याने सप्टेंबर २०२५ काढला असेल, त्यात टाटा ५९ हजारांच्या वर, महिंद्रा ५६ हजारांच्या वर आणि ह्युंदाई ५१ हजारांच्या वर. आणि भावाने ऑक्टोबर दाखवला असणार, त्यात महिंद्राने ७१ हजारांचा टप्पा ओलांडला, टाटा ६१ हजारांवर आणि ह्युंदाई ५३ हजारांवर राहिली. तिन्ही स्क्रीनशॉट खरे. आणि हो, या तिघांची वर्षभराची बेरीज करून बघा, मारुतीपेक्षा कमीच भरते, तेव्हा भांडण कशासाठी चाललंय तेही जरा लक्षात असू द्या.

पण खरी मेख पुढे आहे. हे आकडे गाडी लोकांनी घेतल्याचे नाहीयेत, हे डिस्पॅचचे आकडे आहेत. कारखान्यातून गाडी निघाली, डीलरच्या नावाने बिल फाटलं, की कंपनीच्या वहीत ती विकली गेली, मग ती पुढे महिनाभर यार्डात धूळ खात उभी का राहेना. तुम्ही नाशिकचे म्हणून सांगतो, बाजार समितीत किती कांदा आला ते मोजून घरोघरी किती भजी झाली ते सांगण्यातला प्रकार आहे हा.

२०२५ च्याच दसऱ्याचं बघा. २२ सप्टेंबरला घटस्थापना आणि त्याच दिवसापासून जीएसटी कमी झाला, त्याआधी पितृपक्ष, त्यात सरकारने १५ ऑगस्टलाच दर कमी करणार म्हणून सांगून टाकलेलं, त्यामुळे महिनाभर शोरूममध्ये माणूस फिरकेना आणि फिरकला तरी "२२ नंतर बघू" म्हणून चहा पिऊन जायचा. मग पहिल्याच दिवशी झुंबड उडाली. मारुतीने सांगितलं आमच्या ३० हजारांच्या आसपास डिलिव्हऱ्या होतायत, ह्युंदाईने सांगितलं आमचं ११ हजारांचं डीलर बिलिंग झालं. पेपरात दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापून आले आणि लोकांनी बिनधास्त तुलना केली. पहिला आकडा लोकांच्या हातात गेलेल्या किल्ल्यांचा, दुसरा डीलरला लावलेल्या बिलांचा. दोन वेगळ्याच गोष्टी.

डीलर हा माल बँकेच्या पैशावर उचलतो, रोज व्याज चालू. डीलरांची संघटना फाडा म्हणते की २१ दिवस पुरेल एवढाच स्टॉक असावा, आणि २०२४ च्या सणांच्या तोंडावर तोच स्टॉक ८०-८५ दिवसांवर गेला होता. त्या काळात कंपन्यांचे डिस्पॅचचे आकडे बघितले तर फार काही बिघडलंय असं वाटत नव्हतं, इकडे डीलर मात्र घामाघूम.

मग बघायचं काय, तर वाहन पोर्टलवरची नोंदणी, म्हणजे आपल्या भाषेत पासिंग किती झालं ते. त्यातही २०२४-२५ ला तेलंगणा येत नव्हतं, कारण ते राज्य तेव्हा त्या पोर्टलवर नव्हतं. २०२४-२५ ला फाडाने नोंदणीचा आकडा दिला ४१.५३ लाख आणि डिस्पॅच ४३ लाखांच्या वर, मधल्या फरकात तेलंगणाही आहे आणि यार्डातला मालही आहे. तरी पण डिस्पॅचपेक्षा हा आकडा बरा. भावाला आणि मेव्हण्याला सांगा, एक महिना धरून भांडू नका, सहा महिन्यांचं पासिंग काढा आणि मग बोला.

प्रश्न (सांगली): पासिंगचा आकडा खरा असं सगळे म्हणतात. माझी गाडी डीलरने मला न विचारता ३१ तारखेला पासिंग करून टाकली आणि ताब्यात दिली १२ तारखेला, तेही मुहूर्त बघून ठेवला होता तो गेला. असं का करतात? (कंपनीचं नाव आम्ही गाळलंय.)

उत्तर: टार्गेट! महिनाअखेरीला ठरलेला आकडा गाठला तर डीलरला कंपनीकडून वरचा इन्सेंटिव्ह मिळतो, म्हणून शेवटच्या दोन दिवसांत असली ओढाताण होते. नुकसान तुमचं, कारण इन्शुरन्स ३१ पासून सुरू झाला आणि गाडी तर तुमच्याकडे नव्हती. बुकिंगच्या पावतीवरच "पासिंगआधी फोन करणे" असं लिहून घेत चला, आणि गाडी बघितल्याशिवाय पूर्ण पेमेंट करू नका, एवढं पुरे होतं.

प्रश्न (कराड): आमच्या घरी १९८० च्या दशकापासून मारुतीच. आता सगळे म्हणतात मारुतीचे दिवस भरले, ५० टक्क्यांवरून ४० वर आली. खरंच बुडतेय का?

उत्तर: बुडणारी कंपनी वर्षाला १३ हजार ९०० कोटींच्या वर नफा कमवत नाही हो! मारुतीने २०२४-२५ ला एवढा कमावला, आणि निर्यात धरून २२.३४ लाख गाड्या विकल्या, तो त्यांचा तोवरचा सगळ्यात मोठा आकडा. पण तुमच्या ऐकण्यात आलेलं टक्क्यांचं गणित बरोबर आहे. २०१८-१९ ला देशातल्या दर दोन गाड्यांतली एक मारुती होती, आता पाचातल्या दोन.

मला विचाराल तर कारणं दोन.

पहिलं डिझेल. एप्रिल २०२० ला बीएस-६ (धुराचे कडक नियम) आलं आणि मारुतीने डिझेल बंदच करून टाकलं. हिशेब तसा चुकीचा नव्हता, छोट्या गाडीत डिझेल इंजिन बीएस-६ ला बसवायचं तर किंमत फार वाढते. पण नेमकं त्याच सुमारास लोकांना मोठ्या गाड्यांचं वेड लागलं, आणि मोठ्या गाडीत आपल्याकडे गावाकडचा माणूस पहिला प्रश्न काय विचारतो, "डिझेलमध्ये आहे का?" महिंद्राची सगळी भिस्त तिथेच होती. २०२० च्या २ ऑक्टोबरला नवी थार, २०२१ ला एक्सयूव्ही ७००, २०२२ ला स्कॉर्पिओ-एन, आणि स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग उघडलं तर अर्ध्या तासात १ लाख. गाडी मिळायला काही जण वर्षभर थांबले आणि तरी बुकिंग कॅन्सल करेनात.

दुसरं कारण जास्त खोल आहे. जो गिऱ्हाईक मोटरसायकलवरून उतरून आल्टोत बसायचा तोच कमी झाला. आल्टो एकेकाळी वर्षाला अडीच लाखांच्या पुढे जायची, २०२४-२५ ला आल्टो आणि एस-प्रेसो मिळून सव्वा लाखाच्या आसपास. एअरबॅग आल्या, बीएस-६ आलं, इन्शुरन्स वाढला, स्टीलचे भाव वाढले, आणि तीन लाखांची गाडी बघता बघता पाचाला गेली, पगार काही त्या वेगाने गेले नाहीत. मारुतीचे चेअरमन आर. सी. भार्गव हे वर्षानुवर्षं सांगतायत, लोक म्हणायचे हरणाऱ्याची कारणं आहेत. मग जीएसटी २९ वरून १८ टक्क्यांवर आला, एस-प्रेसो साडेतीन लाखांच्या आत आली आणि छोट्या गाड्यांची विचारणा परत सुरू झाली, म्हणजे म्हातारा अगदीच चुकीचं बोलत नव्हता. हा जोर टिकतो का नवरात्रापुरता होता ते बघायचं.

एक मात्र मारुतीने फार हुशारीने केलं. डिझेल सोडलं आणि सीएनजी धरलं, आज त्यांची साधारण दर तीनातली एक गाडी सीएनजीवर जाते. कराड-सातारा पट्ट्यात पंपावरच्या रांगेत उभे राहून बघा, पुढच्या दहा गाड्यांत मारुती किती आहेत ते. आणि क्रॅश टेस्टमध्ये नाव खराब होतं तेही त्यांनी २०२४ च्या नोव्हेंबरात डिझायरला ५ स्टार मिळवून थोडं धुऊन काढलं. टाटाने हे नेक्सॉनला २०१८ च्या डिसेंबरातच मिळवलं होतं, सहा वर्षं आधी. त्या सहा वर्षांत मारुती म्हणजे "पत्रा" हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तो बसलाच, आणि २०२४ च्या कॅलेंडर वर्षात देशात सगळ्यात जास्त विकलेली गाडी ठरली टाटाची पंच, २ लाख २ हजार. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो मान मारुतीकडून गेला.

प्रश्न (पिंपरी): मी आणि माझ्या मैत्रिणीने ह्युंदाईच्या आयपीओत (पहिल्या शेअरविक्रीत) पैसे घातले होते, १९६० रुपयांनी. लिस्टिंगलाच भाव पडला. कंपनी मागे पडतेय म्हणूनच ना? आणि आयपीओचे एवढे पैसे गेले कुठे?

उत्तर: ताई, पैसे गेले कोरियाला! तो २७ हजार ८७० कोटींचा आयपीओ सगळाच्या सगळा ऑफर फॉर सेल होता, म्हणजे मूळ कोरियन कंपनीने आपल्या हातातले शेअर तुम्हाला विकले, इथल्या कंपनीच्या तिजोरीत त्यातला रुपया आला नाही. हे कागदपत्रांत स्वच्छ लिहिलेलं होतं, पण वाचतो कोण.

मागे पडतेय का, तर २०२४-२५ ला आदल्या वर्षापेक्षा देशातली विक्री थोडी घटली हे खरं, ६.१५ लाखांवरून ५.९९ लाख. त्यांची अडचण अशी की क्रेटा सोडली तर घरात कमावतं कोणी नाही असं होत चाललंय, वर्षात १.९४ लाख क्रेटा गेल्या म्हणजे त्यांची दर तीनातली एक गाडी. थारसारखी अंगावर येणारी गाडी त्यांच्याकडे नाही, स्वस्त ईव्ही (विजेवरची गाडी) नाही. महिंद्रा आणि टाटा दर काही महिन्यांनी नवीन काहीतरी आणतायत, अगदी सिएरासारखं जुनं नाव परत काढतायत, आणि ह्युंदाईकडे मधे बराच काळ शांतता होती.

आता त्यांनी तळेगावचा जनरल मोटर्सचा बंद कारखाना घेऊन चालू केलाय, नवी व्हेन्यू तिथूनच निघते, सुरुवातीची क्षमता वर्षाला १.७ लाख आणि २०२८ पर्यंत अडीच लाख करायची असं ठरलंय. तुम्ही पिंपरीच्या, तुम्हाला रस्त्यावर ते ट्रेलर दिसत असतीलच. इतकी वर्षं चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदुरची जागा कमी पडत होती हे कारण द्यायचे, आता ते कारण राहिलं नाही. शेअर ठेवायचा का विकायचा हे मी सांगणार नाही, ते माझं काम नाही आणि तुमचे पैसे तुमचे आहेत.

प्रश्न (ठाणे): ईव्ही म्हणजे टाटा असं आमचं ठरलेलं होतं. आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये एमजी विंडसर आणि महिंद्राच्या त्या अंतराळयानासारख्या गाड्याच जास्त दिसतात. टाटाचं काय बिनसलं?

उत्तर: बिनसलं कमी आणि सवय झाली जास्त. दोन-तीन वर्षं मैदानात दुसरं कोणी नव्हतंच, ७० टक्क्यांच्या वर वाटा होता. मग सप्टेंबर २०२४ ला विंडसर आली आणि तिने एक वेगळीच युक्ती केली, बॅटरीशिवाय गाडी ९.९९ लाखांना घ्या आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये द्या. कागदावर नीट मांडलं तर रोज ठाणे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला) जाणाऱ्याला हे भाडं काही फुकट पडत नाही, पण दहा लाखांच्या आतला आकडा जाहिरातीत दिसला की माणूस आत शिरतो, आणि आत शिरला की मागची सीट बघून गार होतो. बऱ्याच लोकांनी शेवटी बॅटरीसकटच घेतली. वर पहिल्या मालकाला बॅटरीची कायमची वॉरंटी, म्हणजे ईव्हीबद्दलची सगळ्यात मोठी भीती एका ओळीत संपवली. टाटाला मग हॅरियर ईव्हीला तसंच काहीतरी द्यावं लागलं.

वरच्या बाजूने महिंद्राने चाकणहून बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई सोडल्या, १८.९० लाखांपासून पुढे, बुकिंगच्या पहिल्या दिवशी ३० हजारांच्या वर नोंदणी. खालून एमजी वरून महिंद्रा, टाटा मधे सापडली. टाटाची ईव्ही विक्री २०२३-२४ ला ७३ हजारांच्या वर होती ती पुढच्या वर्षी ६४ हजारांवर आली. तरी अजून ईव्हीत पहिल्या नंबरवर टाटाच आहे हे विसरू नका, आणि पार्किंगमधल्या टॅक्सीवाल्यांच्या टिगोर धरल्यात का मोजताना? 😄

जाता जाता एक, पेट्रोल गाड्यांचा जीएसटी कमी झाला आणि ईव्हीचा ५ टक्केच राहिला, म्हणजे दोघांच्या किमतीतलं अंतर परत वाढलं. ईव्हीवाल्या तिन्ही कंपन्यांना हे जड जाणार.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): मी पार्ट पुरवणाऱ्या कंपनीत आहे. फोर्ड गेली, जनरल मोटर्स गेली, आमच्या शेंद्र्यातल्या स्कोडाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपासच फिरतोय. गाड्या तर मजबूत असतात यांच्या. मग यांचं आपल्याकडे जमत का नाही?

उत्तर: तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका मोजपट्टीत आहे, ४ मीटर लांबी. २००६ च्या बजेटपासून आपल्याकडे ४ मीटरच्या आतली आणि छोट्या इंजिनाची गाडी असेल तर कर कमी, ती मर्यादा आजही चालूच आहे, पेट्रोलला १२०० सीसी आणि डिझेलला १५०० सीसी. मारुती, टाटा, ह्युंदाईने या मापात गाड्या शिवून घेतल्या, टाटाने तर २००८ ला इंडिगोची डिकी कापून सीएस काढली, दिसायला कशी का असेना, विकली गेली. फोर्डलाही इकोस्पोर्टने हे जमलं होतं बरं का, पण एका गाडीवर दोन कारखाने चालत नाहीत, चेन्नई आणि साणंद दोन्ही अर्धे रिकामे, आणि ९ सप्टेंबर २०२१ ला त्यांनी हात वर केले. ते साणंद टाटाने घेतलं आणि तळेगाव ह्युंदाईने, म्हणजे हरलेल्यांच्या जागेवर जिंकणाऱ्यांनी आपल्या लाईन टाकल्या.

स्कोडा-फोक्सवॅगनने चार मीटरची एसयूव्ही आणायला २०२४ उजाडू दिलं. कायलॅक चांगली गाडी आहे, मला स्वतःला आवडते, पण नेक्सॉन २०१७ पासून रस्त्यावर आहे. दुसरं म्हणजे सर्व्हिसिंग. तालुक्याच्या गावात मारुतीचं वर्कशॉप असतं, नसलं तरी तिचं काम न येणारा मेकॅनिक सापडत नाही. जर्मन गाडीचा एखादा सेन्सर गेला की जिल्ह्याच्या ठिकाणी टो करून न्या आणि पार्ट येईपर्यंत थांबा. ही धास्ती आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही, वॉरंटी वाढल्यात, खर्च उतरलेत, पण रिसेलचा भाव लोकांच्या धास्तीवर ठरतो.

तुमच्या नोकरीच्या दृष्टीने बोलायचं तर शेंद्र्याकडे बघत बसू नका, बिडकीनकडे बघा. टोयोटाने तिथल्या कारखान्यासाठी २०२४ च्या जुलैत राज्य सरकारशी करार केलाय, २० हजार कोटींचा. करार म्हणजे कारखाना नव्हे हे मान्य, पण टोयोटा सहसा उगाच सह्या करत नाही.

प्रश्न (बोरिवली): टेस्ला बीकेसीत आली, आता या सगळ्यांची सुट्टी का?

उत्तर: ६० लाखांच्या गाडीने वॅगन-आरची सुट्टी होत नसते. पुढचा प्रश्न.

प्रश्न (सोलापूर): दसऱ्याला गर्दीत गाडी मिळाली नाही. आता डिसेंबरात घेऊ का जानेवारीची वाट बघू? आणि कुठल्या कंपनीचा सेल्सवाला जास्त वाकेल?

उत्तर: ज्याच्या यार्डात जास्त गाड्या उभ्या आहेत तो. कंपनीवर जाऊ नका, मॉडेलवर जा, एकाच कंपनीची एक गाडी सहा महिने वेटिंगला असते आणि दुसरी एक्सचेंज बोनस, कॉर्पोरेट डिस्काउंट, वर मॅट आणि सीट कव्हर अशी आर्जवं करत दिली जाते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूट सगळ्यात जास्त असते कारण १ जानेवारीला ती गाडी कागदावर एक वर्षाने म्हातारी होते. सात-आठ वर्षं वापरणार असाल तर बिनधास्त डिसेंबरात घ्या, तीन वर्षांत विकायची सवय असेल तर जानेवारीत नव्या वर्षाचं मॉडेल घ्या, रिसेलला तेवढंच भरून निघतं. फक्त पासिंगला पाठवायच्या आधी यार्डात जाऊन चेसिस नंबर आणि गाडी बनल्याचा महिना स्वतः बघा, सेल्सवाला "नोव्हेंबरचीच आहे साहेब" म्हणेल आणि गाडी जूनची निघेल. जूनची निघाली तर सोडून यायची गरज नाही, अजून पंधरा-वीस हजार मागा, बहुतेक वेळा देतात.